लॅपटॉप आधी परत द्या

पत्र: मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, बॅक राहिलाय. मी ॲल्युमिनियम ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगच्या शॉपमध्ये सुपरवायझर; वितळलेलं मेटल डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, ओतून आम्ही भाग बनवतो. मुलगा रात्री दोन-दोनपर्यंत फ्लुएंट नावाच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये फंक्शन लिहीत बसतो. डाय आणि मेटलमधल्या उष्णतेचं काहीतरी म्हणतो. तयार सॉफ्टवेअर असताना हा कोड कशाला? परीक्षेपर्यंत लॅपटॉप कपाटात ठेवलाय. हिंजवडीत आयटीत असलेला भाचा फुल-स्टॅकचा, म्हणजे वेबसाइट बनवायचा, क्लास सुचवतो. तो लावू की गेट परीक्षेचा? – एक पालक, कोल्हापूर

नमस्कार.

क्लासचं नंतर बघू. मला खटकलं ते कपाट. विशी गाठलेल्या मुलाचा लॅपटॉप कुलपात ठेवायचा आणि वर विचारायचं, याचं करिअर कसं घडवू? भाचा काय म्हणतो ते तुम्ही व्यवस्थित लिहिलंत; मुलगा काय करतोय त्यावर मात्र ‘काहीतरी’. त्याला नीट विचारलं असतंत तर कळलं असतं, तो तुमच्याच शॉपमधलं गणित मांडतोय.

‘तयार सॉफ्टवेअर’ हा गैरसमज इंजिनिअरिंगची पोरंही बाळगून असतात. फ्लुएंट उष्णतेची समीकरणं सोडवतं, पण तुमच्या डायमध्ये काय घडतं ते त्याला कुणी सांगायचं? ओतल्याबरोबर मेटल डायला चिकटून असतं, उष्णता धडाधड डायमध्ये जाते. गोठताना कास्टिंग आकसतं, डायपासून सुटतं, मध्ये हवेची फट पडते आणि उष्णता तिथं अडखळते. हे मी तुम्हाला सांगायला नको. या देवाणघेवाणीचा आकडा सुरुवातीला दर चौरस मीटरला, दर अंशाला काही हजार वॅट असतो, फट पडल्यावर काहीशेवर येतो. सॉफ्टवेअरच्या चौकटीत एकच स्थिर आकडा भरला तर दोनपैकी एक अवस्था खोटी ठरते. म्हणून तापमानाप्रमाणे बदलणारा आकडा देणारं फंक्शन सी भाषेत स्वतः लिहून जोडायचं. त्याला यूडीएफ, म्हणजे यूझर-डिफाइन्ड फंक्शन, म्हणतात. भाच्याला जावा कितीही येऊ दे, नुसत्या त्यावर हे लिहिता येणार नाही. फट कधी पडते, हे त्याला कुठं माहीत आहे?

आता चूक कशी होते बघा. समजा, एलएम-२५ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू गोठू लागण्याचं तापमान म्हणून मुलानं फंक्शनमध्ये ६१५ लिहिलं, आणि त्याखाली फट पडून आकडा उतरू लागतो असं सांगितलं. सेल्सिअसमध्ये ठीक आहे. पण फ्लुएंट यूडीएफला तापमान केल्विनमध्ये देतं, आणि ६१५ केल्विन म्हणजे ३४२ अंश सेल्सिअस. म्हणजे कास्टिंग पुरतं गोठून गेलं तरी फट पडलीच नाही, असं धरून गणित पुढं जातं. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. झकास रंगीत चित्र काढून देतं, आणि त्यात कास्टिंग खऱ्यापेक्षा लवकर गोठलेलं दिसतं. त्या चित्राकडे बघून ‘एवढ्या लवकर कुठं गोठतंय रे?’ म्हणणारा माणूस त्याच्या कॉलेजात असेलच असं नाही. तुमच्या घरात आहे, आणि तो लॅपटॉप लपवून बसलाय.

एम-थ्रीची बॅक काढायलाच हवी, त्यात सवलत नाही. पण उष्णतेचं समीकरण बऱ्याच अभ्यासक्रमांत याच पेपरात येतं. गणिताशी या मुलाचं जे काही सख्य उरलं होतं, तेच तुम्ही कपाटात ठेवलंत.

मुलालाही एक सांगतो. रात्री दोनपर्यंत जागून रन टाकण्याआधी फंक्शनचा नुसता आलेख काढून बघत जा. सायलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे धडे मराठीतही आहेत. आकडा नको तिथं कोसळत असेल तर आलेखात लगेच दिसेल.

गेट एम.टेक.साठी चांगलं, बॅक सुटल्यावर बघा. सिम्युलेशनच्या जागा आयटीइतक्या नसतात आणि सुरुवातीचा पगार भाच्यापेक्षा कमी असू शकतो, हेही आत्ताच ऐकून ठेवा, नंतर त्याला ऐकवू नका. फुल-स्टॅकची फी भरू नका. मुलगा स्वतः मागेल तेव्हा बोलू. पत्रात तरी तो मागत नाही.

मालक परवानगी देत असतील तर एखाद्या सुट्टीला त्याला शॉपवर न्या. मेटल ओतल्यापासून डाय उघडेपर्यंत किती सेकंद जातात, तापमान मोजणारं थर्मोकपल काय दाखवतं, ते त्याला वहीत टिपू द्या. तुम्ही शेजारी उभे राहा, आणि त्यानं विचारलं तरच बोला.