अंगणातले काँक्रीट, पडवीतला कोबा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरापुढे २० फूट बाय ३० फुटांचे मातीचे अंगण आहे. त्यात दगडी फरशीसारखा ठसा उमटवलेले रंगीत काँक्रीट करावे, असा मुलाचा आग्रह आहे. चार इंच काँक्रीट टाकून त्यावर रबरी साचे दाबले की काम झाले, असे ठेकेदार सांगतो. त्याला पुढे तडे जातील का आणि आमच्याकडच्या पावसात घरातली वडीलधारी माणसे त्यावरून घसरतील का, या दोन शंका मनातून जात नाहीत. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांतली घसरण्याची शंका मला अधिक गंभीर वाटते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. ठशाच्या काँक्रीटवर शेवटी बहुधा ॲक्रिलिक सीलरचा, म्हणजे पृष्ठभाग बंद करणाऱ्या पारदर्शक लेपाचा, हात देतात. छायाचित्रांत दिसणारी ओलसर झळाळी त्या हाताची असते आणि पाय घसरतो तोही त्याच्याचमुळे. त्यात बारीक कणांची पूड मिसळून पृष्ठभाग थोडा खरबरीत करता येतो. परंतु ऊन-पावसात हा थर झिजतो आणि दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. शिवाय ठशाच्या खोलगट रेषांमध्ये माती आणि पाणी साचून राहते आणि कोकणात श्रावणापर्यंत अशा जागी, विशेषतः माडाच्या सावलीत, शेवाळ धरल्यावाचून राहत नाही. वडीलधाऱ्यांचा वावर असलेल्या उघड्या अंगणात ठशाचे काँक्रीट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी खडी उघडी ठेवलेले काँक्रीट करावे. काँक्रीट टाकून सपाट केल्यावर ते घट्ट होऊ लागले, परंतु पुरते कडक झाले नाही, अशा वेळी वरचा सिमेंटचा थर मऊ ब्रश आणि पाण्याची बारीक धार वापरून धुऊन काढतात, म्हणजे आतले दगड दिसू लागतात. ही वेळ घड्याळावर ठरवता येत नाही, कारण ती हवेच्या उष्णतेप्रमाणे बदलते. कोपऱ्यात ब्रश फिरवून पाहावे : सिमेंट निघते पण खडा जागचा हलत नाही, तीच योग्य वेळ. खडे फार तर एक तृतीयांश उघडे करावेत, त्याहून अधिक उघडे केले तर ते पुढे सुटून येतात. आपल्याकडे अंगणात अनवाणी वावरण्याची सवय असते, तेव्हा वरच्या थरासाठी मशीनमधून फोडलेली टोकदार खडी न घेता गोल गोटे घ्यावेत. उंबऱ्यापुढे मात्र दोन-तीन फूट रुंदीचा साधा सपाट पट्टा छपराखाली, पागोळ्यांच्या आत येईल असा ठेवावा. गोट्यांवर रांगोळी काढता येत नाही, ही अडचण अंगण पुरे झाल्यावरच अनेकांच्या लक्षात येते.

आता तड्यांविषयी. काँक्रीट वाळताना आकसते आणि जागा मोठी असली तर ते कुठेतरी तडकणारच. तडा कुठे पडावा हे ठरवणे तेवढे आपल्या हाती असते. त्यासाठी मुद्दाम सांधे ठेवतात, म्हणजे तडा त्यांतच पडतो. चार इंच जाडीसाठी दोन सांध्यांमधील अंतर आठ ते दहा फुटांपेक्षा जास्त नसावे. आपल्या अंगणाचे १० फूट बाय १० फुटांचे सहा चौकोन बरोबर पडतात. ते बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक टाकावेत, म्हणजे पहिल्या दिवशी तीन आणि नंतर उरलेले तीन. सांधे आपोआप तयार होतात, यंत्राने कापावे लागत नाहीत आणि एका दिवसात धुऊन पुरे होईल एवढेच काम अंगावर येते. तुळशीवृंदावन, खांब आणि घराचे जोते यांच्याभोवती अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी घालून काँक्रीट त्यांच्यापासून सुटे ठेवावे. वृंदावनाच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा बहुतेक वेळा ही पट्टी न घातल्यामुळेच पडलेला असतो.

ठेकेदाराच्या बोलण्यात खालच्या जमिनीचा उल्लेख नाही, याचीही मला काळजी वाटते. वरची सुपीक माती काढून टाकावी, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसावा आणि मगच काँक्रीट टाकावे, कारण भरावाची माती पहिल्या पावसाळ्यात बसली की वरचे काँक्रीट अधांतरी राहते. उताराचे मापही याच वेळी द्यावे. घरापासून दूर, २० फुटांना चार इंच उतार धरला तर पाणी तुंबत नाही.

एम २० या ताकदीच्या दर्जाच्या काँक्रीटसाठी आपल्या २०० घनफुटांना साधारण ४५ पोती सिमेंट लागेल. प्रत्येक ५० किलोच्या पोत्यामागे पाणी २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नये आणि ओल्या वाळूतले पाणी त्यातच मोजावे. गवंड्याला पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून तो आणखी एक बादली मागतो. त्या वेळी आपण तिथे उभे असले पाहिजे. माल फारच घट्ट वाटला तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, वापरावे. नंतर किमान दहा दिवस गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवावे. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी मारून मधल्या वेळेत ते कोरडे पडू देणे हे पुरेसे नाही. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावे. मे महिन्यातल्या उन्हात वरचा थर इतक्या लवकर ओढून घेतो की धुण्याला उसंत मिळत नाही.

प्रश्न : आमच्या पडवीत दोन वर्षांपूर्वी लाल कोबा करून घेतला. आजोळच्या घरात होता तसा एकसारखा रंग आलाच नाही, कुठे गडद तर कुठे फिकट आहे, आणि आता वर पांढरे डागही उमटू लागले आहेत. यावर पॉलिश मारावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पॉलिशची घाई करू नये. सिमेंटमधला विरघळणारा चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पांढरा थर उरतो. भिंतीला लोणा लागतो, त्याच जातीचे हे दुखणे आहे. पाणी कुठून येते हे आधी शोधावे. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक कागद कोब्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी कागदाखाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीतून येत आहे. अशा कोब्यावर पॉलिश किंवा सीलर लावला तर ओल खाली कोंडते आणि तो थर फुगून सुटतो. तिथे पडवीभोवतालच्या पाण्याचा निचरा सुधारणे हाच उपाय आहे. कागद कोरडा राहिला, तर कडक ब्रशने कोरडे घासून, ओल्या फडक्याने पुसून आणि पूर्ण वाळवून मेण लावावे. संडास धुण्याचे ॲसिड ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ते सिमेंटच खाते आणि घोटाईची चकाकी कायमची जाते.

रंगातला फरक मात्र आता भरून निघणार नाही. गवंडी प्रत्येक घमेल्यात अंदाजाने मूठभर रंग टाकतात, शिवाय वर आलेले पाणी टिपण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरतात, त्यामुळे असे पट्टे पडतात. आपल्या आजोळच्या कोब्यामागे वेगळी जादू नव्हती : रंग आणि सिमेंट कोरडेच एकत्र चाळलेले असायचे, एक खोली एका दमात पुरी व्हायची आणि थापीची घोटाई माणसे बसून तासन् तास करायची. पुन्हा कधी काम निघाले, तर रंग म्हणून वापरायचा लोहाचा ऑक्साइड तोलूनच घ्यावा. सिमेंटच्या पोत्यामागे अडीच किलो पुरतो आणि पाच किलोंच्या वर गेल्यास रंग खुलत नाही, ताकद मात्र कमी होते.

प्रश्न : घरच्या घरी सिमेंटची कुंडी किंवा लहान वृंदावन ओतता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अवश्य येईल. एक भाग सिमेंटला दोन भाग चाळलेली वाळू घ्यावी, भिंत दीड इंचाहून पातळ ठेवू नये आणि साच्याला आतून तेलाचा हात द्यावा. तळाची भोके माल ओला असतानाच पाइपचे तुकडे उभे ठेवून करावीत. रबरी हातमोजे घातल्याशिवाय ओल्या सिमेंटला हात लावू नये, कारण ते तीव्र अल्कधर्मी असते आणि त्याने कातडी जळते, हे बहुधा संध्याकाळी आग होऊ लागल्यावरच कळते. दोन दिवसांनी साचा काढून कुंडी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवावी. पाणी दोन-तीनदा बदलावे, म्हणजे ताकद येते आणि सुटा चुनाही बराच निघून जातो. तुळस त्यानंतर लावावी.