कानसेनांचे प्रश्न : क्रीडन्स, दलदल आणि आपण इंदूरवाले

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती की मांडूला जाताना गाडीत क्रीडन्स क्लिअरवॉटर रिवायवल (जुना अमेरिकन बँड) लावलं आणि घाट कधी संपला कळलंच नाही. लेख होता पावसाळी सहलीवर, पण पत्रं आली ती सगळी ह्या एका ओळीवर. मांडूबद्दल एकानीही काही विचारलं नाही. असो. त्यातली काही इथे घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

नमस्कार दादा, माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे आणि दिवसभर हाच बँड लावून बसतो. आजोबांच्या वयाची माणसं आहेत हो ती! गाणारा गातोय की कोणाशी भांडतोय तेच मला समजत नाही. हे कंट्री आहे की रॉक? आणि त्यात एवढं आहे तरी काय?
— एक आई, सुदामा नगर

ताई, आधी घाबरू नका, ह्याहून वाईट नाद असतात. (खरं तर इथे पोह्यावर जीरावण, शेव वगैरे उपमा द्यायचा फार मोह होतोय, पण इंदूरच्या माणसानी प्रत्येक गोष्टीला पोह्याची उपमा देणं आता बंद करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.)

तर हे चौघं कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटो गावचे. गाणारा आणि गाणी लिहिणारा जॉन फोगर्टी, त्याचा मोठा भाऊ टॉम, आणि जॉनचे शाळेतले दोन मित्र, बेसवर स्टू कुक आणि ड्रमवर डग क्लिफर्ड. आधी ब्लू वेल्वेट्स, मग गॉलीवॉग्स अशी नावं बदलत बदलत ते जवळजवळ दहा वर्षं आपटत राहिले, तेव्हा कुठे १९६८ मध्ये क्रीडन्स ह्या नावानी पहिली एलपी आली. आणि मग १९६९ ह्या एका वर्षात तीन एलपी! आजकाल लोकांना तीन वर्षांत एक होत नाही. गंमत म्हणजे अमेरिकेच्या मुख्य चार्टवर ह्यांची पाच गाणी दोन नंबरपर्यंत गेली आणि एक नंबरवर एकही नाही, म्हणजे कायम सेकंड आलेला वर्गातला मुलगा.

कंट्री की रॉक ह्याचं उत्तर एकदा हेडफोन लावून ऐकलंत तर तुम्हालाच मिळेल. ड्रम एकदम सरळ, फुकटची कलाकुसर नाही, ते रॉकचं. गिटारची बोटं आणि गाण्यातली गोष्ट, कोण कुठून आला, कुठे अडकला, घरी कधी जाणार, ते बरंचसं कंट्रीचं. आणि तो भांडणारा गळा ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्याचा. टॉमचा ऱ्हिदम गिटार नुसता ऐका, माणूस जागचा हलत नाही, पण तो काढून घेतला तर सगळं गाणं खाली बसेल. त्या काळात शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत लोक एकेक गाणं वीस वीस मिनिटं ताणत होते आणि हे ऑफिसला गेल्यासारखे रोज प्रॅक्टिस करायचे, इतकी की त्यांच्या जागेचं नावच फॅक्टरी पडलं. बहुतेक गाणी अडीच-तीन मिनिटांत खल्लास. (एक अकरा मिनिटांचं पण आहे, मुलाला विचारा, तो सांगेल. मला ते कंटाळवाणं वाटतं.)

आणि एकोणीस-वीस वर्षाच्या पोराला ते का आवडतं, तर तीन-चार कॉर्डमध्ये ते त्याला स्वतःला वाजवता येतं. मित्रांच्या रूमवर बसून आजच वाजवता येतं, क्लास लावायला नको. बऱ्याच भारी संगीताला ही सोय नसते.

महोदय, जालावर असे वाचले की हा जॉन फोगर्टी मिसिसिपी नदी, लुइझियानाची दलदल, तिथले बालपण असे सर्व गातो, पण जन्माने व वास्तव्याने कॅलिफोर्नियाचा. मग ह्यास ‘रूट्स’ रॉक कसे म्हणावे? मुळे दुसऱ्याच्या अंगणातली आणि फुले आपल्या परडीत?
— एक निवृत्त शिक्षक, लोकमान्य नगर

सर, परडी फार आवडली. पण प्रश्न मला जरा लागलाच, का ते पुढे सांगतो.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. बायू म्हणजे लुइझियानाकडचं ते झाडांच्या मुळांमधून सरकणारं संथ, काळपट पाणी, आणि ‘बॉर्न ऑन द बायू’ ह्या गाण्यात हा माणूस बिनधास्त गातो की मी त्या बायूवरच जन्मलो. जन्मला बर्कलीत, १९४५ साली. त्या दलदलीत त्याचं एक दिवसाचंही बालपण गेलेलं नाही. प्राउड मेरी ह्या बोटीच्या गाण्यात तो ‘टर्निंग’ला ‘टॉइनिंग’ म्हणतो, ‘बर्निंग’ला ‘बॉइनिंग’ म्हणतो, एल सेरिटोत कोणी असं बोलत नाही, ते सगळं त्यानी हाउलिन वुल्फसारख्या ब्लूज गायकांच्या रेकॉर्डी घासून घासून उचललेलं. गाणं सुचलं कधी, तर १९६८ मध्ये आर्मी रिझर्व्हमधून सुटल्याचा कागद हातात पडला त्या आनंदात. वहीत नुसतं नाव लिहून ठेवलेलं होतं आणि मेरी आधी बोट नव्हतीच, लोकांकडे कपडे धुणारी बाई होती. म्हणजे धुणंवाली मावशी नदीत जाऊन जहाज झाली.

आता अजून एक मजा ऐका. लहानपणी त्याच्या आईनी त्याला स्टीफन फॉस्टरच्या गाण्यांची रेकॉर्ड दिली होती आणि मुद्दाम सांगितलं होतं की ही गाणी ह्या माणसानी लिहिलीयत, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की गाणं कोणीतरी लिहीत असतं. हा फॉस्टर पिट्सबर्गकडचा, एकोणिसाव्या शतकातला. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं फ्लोरिडातल्या सुवानी नदीच्या आठवणीत रडतं, आणि साहेबांनी फ्लोरिडा जन्मात पाहिलेलं नाही! आधी दुसऱ्याच नदीचं नाव टाकलेलं, ते चालीत बसेना म्हणून अॅटलास उघडून ही शोधली. फ्लोरिडानी १९३५ मध्ये तेच आपलं राज्यगीत केलं. म्हणजे ही परंपराच आहे म्हणा ना, न राहिलेल्या गावाच्या आठवणी काढायची.

आता मला का लागलं ते. आमची आजी रामबागेतली, जन्म इंदूरचा, लग्न इंदूरमध्येच. आमच्याकडे ‘गाव’ म्हटलं की रत्नागिरीकडचं एक नाव घेतात, तिथून आमचे कोणीतरी होळकरांच्या चाकरीत इकडे आले म्हणतात, त्यानंतर पाच पिढ्यांत कोणी तिकडे फिरकलेलं नव्हतं. पण आजी नारळी पौर्णिमेला कोळ्यांची गाणी म्हणायची, माड, होड्या, वादळ, सगळं, आणि म्हणता म्हणता तिचे डोळे भरून यायचे, बाईनी समुद्र पाहिला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तोही मुंबईत, चौपाटीचा, आणि पाहून म्हणाली, एवढासाच? ह्याला आपण ढोंग म्हणणार का? मी स्वतः चौतिसाव्या वर्षी त्या गावी गेलो. माड होते, होड्या होत्या, सगळं आजीच्या गाण्यातल्यासारखं, फक्त सुकत घातलेल्या मासळीचा वास होता. त्याबद्दल मला कोणत्याच गाण्यानी सांगितलेलं नव्हतं.

फोगर्टीच्या गाण्यातही नेमका हा वास नाही, हे मात्र मी मान्य करीन. त्याची दलदल जरा जास्तच सुंदर आहे. उलट त्याचं ग्रीन रिव्हर हे गाणं ऐका, नाव एका सरबताच्या बाटलीवरून घेतलंय पण जागा खरी आहे, उत्तर कॅलिफोर्नियातला प्यूटा क्रीक, जिथे तो लहानपणी सुटीत जायचा. त्या गाण्यात बेडूक ओरडतात आणि पाय पाण्यात असतात. माझ्या कानाला हा फरक जाणवतो, तुम्ही बायूचं आणि हे, दोन्ही पाठोपाठ ऐकून सांगा.

आणि सर, आपल्याकडे देवासला कुमार गंधर्व होतेच की. बेळगावकडचा माणूस, १९४८ मध्ये टीबी घेऊन कोरड्या हवेसाठी माळव्यात आला, अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेर बाया गात होत्या ते ऐकलं, आणि मग माळव्याची लोकगीतं अशी गायली की आज माळव्याचं नाव काढलं की आधी त्यांचाच आवाज आठवतो. त्यांना कोणी विचारलं का, मूळ गाव कुठलं म्हणून? (विचारलंही असेल म्हणा, इंदूर-देवासचे लोक काय कमी आहेत.)

दादा, मी ७८ ते ८६ इथल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, गणपतीत एका रात्री दोन दोन मंडळं करायचो. ह्यांचं ‘लोडाय’ नावाचं गाणं आहे, शब्द पूर्ण समजत नाहीत पण ऐकलं की पोटात कालवतं. काय आहे ते?
— पागनीस पागा

काका, तुम्हाला शब्द कशाला पाहिजेत, तुम्ही ते जगलायत.

एक गाणारा नाव कमवायला निघालेला असतो, पैसे संपतात, आणि लोडाय नावाच्या लहान गावात अडकून तो पिऊन आलेल्या लोकांसमोर गात बसतो, घरी जायला ट्रेनचं तिकीटही परवडत नाही. बस, एवढंच. स्पेलिंग बघून आमच्या ग्रुपमध्ये सगळे त्याला लोदी म्हणायचे, दिल्लीच्या लोदी घराण्यातलं, मी पण. गाव खरं आहे, कॅलिफोर्नियातलं, पण फोगर्टी तोवर तिथे गेलेला नव्हता, नाव कानाला बरं वाटलं म्हणून घेतलं असं तोच सांगतो.

मला ज्याचं नवल वाटतं ते वेगळंच आहे. हे १९६९ मध्ये एका सुपरहिट रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं, तेव्हा पोरगा होता २३ वर्षांचा आणि बँड रॉकेटसारखा वर चाललेला, आणि हा लिहितोय हरलेल्या, वय निघून गेलेल्या वादकाबद्दल. शेवटच्या कडव्याला सूर एकदम वर चढतो बघा, बिचाऱ्याची परिस्थिती तीच, फक्त पट्टी वर. तुम्ही पहाटे तीन वाजता दुसऱ्या मंडळात शेवटचं गाणं असंच वर उचलून वाजवायचात ना, समोर सतरंजीवर चार माणसं आणि एक झोपलेला लाइटवाला?

त्यांच्या एका गाण्यात खरंच ‘उजवीकडे बाथरूम आहे’ अशी ओळ आहे का? मित्राशी पैज लागलीय.
— स्नेहलतागंज

नाही. बॅड मून रायझिंगमध्ये अशुभ चंद्र उगवतोय असं आहे, ऐकू मात्र ‘बाथरूम ऑन द राइट’ येतं, जगभर सगळ्यांना. पण पैज अर्धी जिंकलात, कारण हे कळल्यावर फोगर्टी स्वतःच स्टेजवर मुद्दाम कधी कधी तसं म्हणतो.

स्वतःचंच गाणं चोरलं म्हणून फोगर्टीवर केस झाली होती असं ऐकलं. असं कसं होऊ शकतं? मी स्वतः वकिली करते म्हणून विचारतेय.
— टिळक नगर

मॅडम, झालं असं की जुन्या गाण्यांचे हक्क करारात त्यांच्या रेकॉर्ड कंपनीकडे, फँटसी रेकॉर्ड्सकडे गेलेले. १९८५ मध्ये ह्याचा नवा अल्बम आला, एक नंबरवर गेला, आणि फँटसीनी केस टाकली की ह्यातलं एक गाणं आमच्याकडच्या १९७० च्या गाण्याची नक्कल आहे. ते सत्तरचं गाणं लिहिलेलं कोणी? ह्यानीच! तर हा गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला आणि ज्यूरीला वाजवून दाखवलं की बाबांनो ही माझी स्टाइल आहे, मी दुसऱ्या कशा स्टाइलमध्ये लिहू. १९८८ मध्ये जिंकला. मग वकिलांच्या फीसाठी भांडत भांडत थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात, आणि १९९४ मध्ये तिथेही जिंकला, फी देताना जिंकलेल्या प्रतिवादीलाही वादीसारखाच निकष लावायचा असा निकाल आला. तुमच्या कामाचा आहे, वाचून बघा.

ह्या सगळ्या रागात त्यानी कित्येक वर्षं क्रीडन्सची गाणी स्टेजवर गायलीच नाहीत. पुढे १९९० च्या सुमारास मिसिसिपीला जाऊन ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनच्या कबरीपाशी उभा राहिला आणि त्याला वाटलं, कागदावर हक्क कोणा वकिलाकडे असतील पण गाणी तर जॉन्सनचीच ना, मग माझी पण माझीच. (लोकमान्य नगरचे सर, हे तुमच्यासाठीही, शेवटी गेला तिकडे.) २०२३ मध्ये त्यानी आपल्या गाण्यांचे बरेचसे हक्क विकत परत घेतले, वयाच्या ७७ व्या वर्षी.

पण सगळा दोष कंपनीचा असं पण नाही हं. टॉम १९७१ ला सोडून गेला, कारण सगळं जॉनच ठरवणार, लिहिणार, गाणार. मग उरलेल्या दोघांना त्यानी सांगितलं घ्या, तुम्ही पण लिहा आणि गा, त्या १९७२ च्या अल्बमला लोकांनी धू धू धुतलं आणि बँड संपला. टॉम १९९० मध्ये गेला, भावाभावांत शेवटपर्यंत समेट झाला नाही. १९९३ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला तेव्हाही जॉन त्या दोघांबरोबर वाजवायला तयार नव्हता. वाटणीची केस लढणारं कुठलंही घर घ्या.

सर, यूट्यूबवर बघून प्राउड मेरी बसवलं पण रेकॉर्डबरोबर वाजवलं की माझी गिटार वेगळीच वाजते. ट्यूनरवर तर बरोबर दाखवतं. माझं काय चुकतंय?
— वय १९, सुदामा नगर

काही चुकत नाही रे. त्यानी गिटार खाली उतरवलेली असायची, सहाच्या सहा तारा दोन दोन फ्रेट खाली, म्हणजे ईची डी. तो जाड, घोगरा आवाज त्यातूनच येतो. तशीच उतरव आणि मग बघ. तारा ढिल्या पडून खरखर करतील, तर एक नंबरनी जास्त जाड तारांचा सेट टाक.

आणि वय १९, सुदामा नगर, सेकंड इयर ना रे? पहिलं पत्र वाच आणि आईला अकरा मिनिटांचं गाणं कोणतं ते सांगून टाक.