रिंग बसवल्यानंतरचं काम

प्रिय डॉक्टर,

चोपड्याला रुजू झालीस, छान झालं. तिकडे अंग (गर्भाशय) बाहेर येणाऱ्या बाया बऱ्याच भेटतील. पण आधी कंबरदुखी सांगतील, पांढरं जाणं सांगतील. अंगाचं उठता उठता, तेही सून खोलीबाहेर गेल्यावर. कुणाला ऑपरेशन झेपणार नसतं, कुणाला नकोच असतं. त्यांना पेसरी, म्हणजे अंग आत धरून ठेवायला योनीत बसवायची रिंग, देताना ‘तात्पुरती’ म्हणू नकोस. देखभाल नीट असेल तर वर्षानुवर्षं चालते.

सिलिकॉनची रिंग बसवलीस की कडेने बोट फिरवून बघ, सहज फिरायला हवं. लगेच घरी पाठवू नकोस. खोकायला लाव, उकिडवी बसव, कापूस वेचताना वाकते तशी वाकव, लघवी करून यायला सांग. रिंग निसटली तर माप बदल. लघवी अडली तर काढ. नवऱ्याजवळ जाताना रिंग आत राहिली तरी चालते, हे तूच सांग. ती विचारणार नाही.

बसवणं सोपं गं, खरी जबाबदारी पुढे आहे. एक-दोन आठवड्यांनी पहिली तपासणी, मग दर 3 ते 6 महिन्यांनी. दरवेळी रिंग काढ, धू आणि स्पेक्युलम (योनी उघडून बघायचं साधन) घालून योनीच्या भिंती नीट बघ. जखम दिसली तर भरेपर्यंत रिंग बाहेरच. पाळी गेलेल्या बाईला इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं, पण स्तनाचा कॅन्सर झाला होता का, ते आधी विचार. विसरलेली रिंग भिंतीत रुतते. क्वचित मूत्राशयाला नाहीतर गुदाशयाला भोकही पडतं. म्हणून कार्डावर तारीख लिहीच, पण तोंडी सण सांग: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बसवली तर पोळ्याच्या आत दाखवायची. रक्त दिसलं किंवा घाण वास आला तर सणाची वाट बघायची नाही.

जिला जमेल तिला रिंग स्वतः काढून साबण-पाण्याने धुवायला आणि घडी घालून परत बसवायला शिकव. आपल्यासमोर करून घे. नुसतं तोंडी सांगितलं की मान हलवतात आणि घरी गेल्यावर हात लावत नाहीत.

बद्धकोष्ठता विचारायला विसरू नकोस, कुंथण्याने सगळं पुन्हा खाली येतं. आणि ‘ओझं उचलू नका’ एवढ्यावर सोडू नकोस. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, गाठोडं बांधापर्यंत न्यावंच लागतं. एकच मोठं बांधण्यापेक्षा दोन छोटी बांधून दोन फेऱ्या करायला सांग.

तुझी,
मॅडम