आईची बोटं सकाळी वळत नाहीत आणि डॉक्टरांनी 'कॅन्सरची गोळी' दिलीय. द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ५२ वर्षांची, लांजा तालुक्यात राहते. चार महिने झाले, सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं वळत नाहीत, मनगटं सुजतात, दहा वाजेपर्यंत हात मोकळे होत नाहीत. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवाताची एक रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं आणि शेजारणीने सांगितलं की ही तर कॅन्सरची गोळी. आता गोळी द्यावी, आयुर्वेद करावा, की कोकणची दमट हवा सोडून आईला मामाकडे सांगलीला पाठवावं?

मी डॉक्टर नाही. मालवण तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. वय ४९. हाच आजार, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस नावाचा संधिवात, २०१६च्या पावसापासून माझ्याकडे मुक्कामाला आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी फुकट घालवली.

सुरुवात कात्रीपासून झाली. ब्लाउजचं कापड बेतताना अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. मग डब्यांची झाकणं उघडेनात. नारळ खोवायला विळीवर बसले की उठताना कुणाचा तरी हात लागायचा. सासूबाई म्हणाल्या, "वात आसा गो तो, पावसात येतलोच." पाऊस गेला, दिवाळी गेली, वात काही गेला नाही. दवाखान्यातून दुखण्याची गोळी आणायची, चार तास बरं वाटायचं. पोटात आग पडायला लागली तेव्हा तिच्या जोडीला पित्ताची गोळी आली. ग्रामदेवतेला गाऱ्हाणंही घातलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, गाऱ्हाण्याने निदान पोट तरी जळलं नाही.

मग ओळखीतल्या कुणी पुड्या आणून दिल्या. शुद्ध जडीबुटी म्हणून. तिसऱ्या दिवशी मी जमिनीवर मांडी घालून जेवले! भूक वाढली, गाल भरले, बायका म्हणायला लागल्या तब्येत सुधारली हो. सात महिने घेतल्या. एकदा पुड्या यायला उशीर झाला आणि चार-पाच दिवसांत अशी गळून गेले की न्हाणीघरापर्यंत चालवेना. भावाने गाडी करून कोल्हापूरला नेलं. तिथल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी माझे हात बघायच्या आधी चेहरा बघितला आणि विचारलं, "पुड्या किती दिवस घेताय?"

अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं पुन्हा पुन्हा सापडलेलं आहे. त्याने सूज झटकन उतरते, पण महिनोन्महिने घेतलं की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा गोल होतो. शिवाय शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचंच थांबवतं, म्हणून एकदम बंद केलं की माणूस कोसळतो. माझं हळूहळू, मोजून कमी करायला चार महिने लागले. तोवर उजव्या मनगटाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एक्स-रेमध्ये हाडाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. आणि गंमत बघा, त्या सात महिन्यांत मला जवळजवळ काही दुखत नव्हतं.

मला उमगायला दोन वर्षं लागली ती गोष्ट हीच. दुखणं थांबणं वेगळं आणि रोग थांबणं वेगळं. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा आणि हाड खायला लागतं. दुखण्याची गोळी फक्त ओरडणाऱ्याचं तोंड दाबते, खाणं आत चालूच राहतं. खाल्लेलं हाड परत येत नाही. म्हणून पहिले काही महिने सोन्याचे असतात, आणि तुमच्या आईचे चारच झालेत. मला तुमचा हेवा वाटला, खरं सांगते.

आता ती गोळी. होय, मेथोट्रेक्सेट कॅन्सरलाही देतात, पण तिथे मात्रा कितीतरी पटींनी मोठी असते. ज्या संशोधनातून ती निघाली त्यामागे आंध्रातल्या भीमावरमचे शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने फॉलिक अॅसिड हे जीवनसत्त्व तयार केलं आणि फॉलिक अॅसिडला अडवणारी औषधंही. मेथोट्रेक्सेट त्यातलंच एक. आज आईच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अॅसिड शेजारी शेजारी लिहिलेलं असेल, ती दोन्ही त्याच घरातली. संधिवातासाठी अमेरिकेत तिला रीतसर मान्यता मिळाली १९८८ साली. म्हणजे शेजारीण म्हणते तितकं हे नवं आणि भयंकर प्रकरण नाही.

भयंकर आहे ती चूक. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज नाही. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी उतरतात, जिवावर बेततं. औषधाच्या दुकानात सवयीने "रोज एक, जेवणानंतर" असं सांगितलं जाऊ शकतं. माझ्या बाबतीत एकदा तसं झालंच, पण मला माहीत होतं म्हणून निभावलं. आमच्याकडे रविवार ठरलेला आहे. पाकिटावर मुलाने मोठ्या अक्षरात 'रवि' लिहिलंय आणि घेतली की कॅलेंडरवर फुली. फॉलिक अॅसिडचे दिवस डॉक्टर वेगळे सांगतील. गोळी घेतल्यावर सोमवारी मला जरा मळमळतं, त्या दिवशी पेज आणि लोणचं, बस्स. दारू पूर्ण बंद (तुमच्या आईचा प्रश्न नसेल, पण उत्तर वाचणारे पुरुषही असतील). आणि वाचणाऱ्या तरुण मुलींनो, दिवस राहायचा विचार असेल तर काही महिने आधी डॉक्टरांशी बोला, या गोळीवर असताना गर्भ राहू देत नाहीत.

आठ-दहा दिवसांत "काहीच फरक नाही" म्हणून सोडू नका. हिला दीड ते तीन महिने लागतात. मधल्या काळासाठी डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात. मोजून, लिहून, ठरलेल्या तारखेला कमी करत दिलेलं स्टेरॉइड आणि पुडीतलं स्टेरॉइड यात जमीन-अस्मानाचा फरक. रक्ताच्या पेशी आणि यकृत यांच्या तपासण्या सुरुवातीला लवकर लवकर, मग साधारण तीन महिन्यांनी. मी त्या तालुक्याच्या लॅबमध्ये करते आणि रिपोर्ट डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवते, दर वेळी फोंडा घाट चढावा लागत नाही.

एक खास कोकणातली गोष्ट. पावसात ताप आला तर अंगावर काढू नका. आपल्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टो असतो, डेंग्यू असतो, आणि ही गोळी प्रतिकारशक्ती थोडी खाली ठेवते. ताप असेल त्या आठवड्याची गोळी घ्यायची की पुढे ढकलायची हे फोन करून विचारा. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी सांगा, "मेथोट्रेक्सेट चालू आहे." कोट्रायमोक्साझोल हे साधं वाटणारं अँटिबायोटिक हिच्यासोबत फार वाईट वागतं.

नुसत्या आरए फॅक्टरवर मात्र विसंबू नका. तो धडधाकट माणसातही कधी पॉझिटिव्ह येतो आणि खऱ्या रोग्यात कधी निगेटिव्ह. अँटी-सीसीपी ही याच आजाराची दुसरी रक्ततपासणी झालीय का विचारा. चार महिन्यांपूर्वी आईंना ताप, अंगावर पुरळ असं काही आलं होतं का, तेही आठवून सांगा. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने असेच सांधे धरतात.

आयुर्वेदाचं म्हणाल तर मी त्याच्या विरुद्ध नाही. 'माधवनिदान' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताचं, म्हणजे अशाच सांधेदुखीचं, वर्णन वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, हे माझंच लिहिलंय. कुंपणाची निर्गुडी पाण्यात उकळून त्या वाफेने मी आजही हात शेकते, बरं वाटतं. पण शेक म्हणजे शेक. पोटात घ्यायचं काहीही असेल तर शिकलेल्या वैद्याकडून, औषधाचं नाव लिहून घेऊन, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं सांगून. यकृतावर दोन्हीकडून भार नको.

हवा. दमट हवेने हा आजार होत नाही, सांगली-सोलापूरच्या कोरड्या हवेतही तो असतोच. दुखणं मात्र थोडं वाढू शकतं. ब्रिटनमध्ये अडीच हजारांहून जास्त लोकांनी रोजचं दुखणं मोबाइलवर नोंदवलं होतं, २०१९ला ते प्रसिद्ध झालं. दमट, वाऱ्याच्या दिवशी दुखणं किंचित जास्त निघालं. किंचितच. त्यासाठी आईला स्वतःचं घर, परसू, माणसं सोडायला लावू नका. सांगलीत घरच्या माणसांनी दिवसभर बसवून ठेवलं तर उलट सांधे जास्त धरतील.

खाण्याचं तर विचारूच नका. आंबट बंद, मासे बंद, भात बंद, डाळ बंद. कोकणात आमसूल बंद केलं तर उरतं काय? युरिक अॅसिडचा गाऊट हा वेगळा रोग, त्याची पथ्यं लोक इथे लावतात. मी बांगडा, तारली खुशाल खाते, तेलकट मासे झाले तर बरेच.

घरातलं मात्र बदलावं लागलं. भाकरी थापणं मनगटाला झेपत नाही, म्हणून घावण्यांवर आले. पायाच्या मशीनला मोटर बसवली. नारळ आता यजमान खोवतात. करवंटीपर्यंत खोवतात, त्यामुळे आमची सोलकढी काळपट असते, पण बोलायची सोय नाही. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून बोटं उघडझाप करते. सूज असेल त्या दिवशी विश्रांती, नसेल त्या दिवशी हालचाल. हे गणित शिकायला वेळ लागतो. आणि आईंना घरात कुणी "सकाळी लोळत पडते" म्हणत असेल तर ते आधी बंद करा. मला ते ऐकावं लागलंय.

औषध संपायच्या पंधरा दिवस आधी आणून ठेवा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये माझी दुसरी गोळी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, करोनाच्या नावाने बाजारातून गायब झाली होती. पाच दुकानं फिरल्यावर एक पट्टी मिळाली. (ती चालू असेल तर डोळे तपासत राहावे लागतात.)

तर गोळी द्या, पण संधिवाततज्ज्ञाला एकदा दाखवून. तुम्हाला लांज्याहून आंबा घाटाने कोल्हापूर पडेल. मुंबईत माणसं असतील तर केईएम रुग्णालयात या आजाराचा स्वतंत्र विभाग आहे. पावसाआधी जाऊन या, नंतर घाटात दरडीचा भरवसा नाही. वेळ दुपारची मागा, पहाटेच्या गाडीसाठी आईंना चार वाजता उठवून तयार करणं म्हणजे छळ. फक्त दुपारी बोटं बरीच मोकळी झालेली असतात आणि डॉक्टरांना सूज कमी दिसते. म्हणून आदल्या दिवशी सकाळी सात वाजता आईंना मूठ वळायला सांगा आणि जितकी वळेल तितक्या मुठीचा फोटो मोबाइलवर काढून घ्या. दोन्ही हातांचा.