वाचकांचे प्रश्न : बाँड नाही, सही नाही, तरी सौदा पक्का?

प्रश्न : साहेब, आमची वसमतला शेतकरी उत्पादक कंपनी आहे, हळदीचं काम. लंडनच्या एका व्यापाऱ्याला मेलवर भाव दिला, २० टन सेलम, टनाला १,६०० पाउंड. त्याचा मेल आला, "१,५०० नं द्या, आजच ऑर्डर टाकतो." आम्ही काहीच उत्तर दिलं नाही. मग आठवड्यानं त्याचा मेल, "बरं, १,६०० मान्य." तोवर मोंढ्यात भाव चढला होता, आता त्या भावात परवडत नाही. तो म्हणतो सौदा झालाय, आणि तुमच्याच मेलमध्ये खाली लिहिलंय की इंग्लंडचा कायदा लागू. पण ना बाँड, ना सही, ना इसार. आम्ही अडकलो का?
– एक संचालक, वसमत

उत्तर : दादा, आधी ते बाँडचं डोक्यातून काढा. बाँडवर लिहिलं तरच सौदा खरा असं आपल्याकडं समजतात, पण इंग्लंडात तसं काही नाही आणि खरं सांगू का, आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही मालाच्या सौद्याला बाँडच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. तिथलं कोर्ट बघतं ते एवढंच की एकानं ठोस ऑफर दिली का, दुसऱ्यानं ती जशीच्या तशी मान्य केली का, दोन्हीकडून काही देणंघेणं ठरलं का, अटी पुरेशा स्पष्ट आहेत का आणि कायद्यानं बांधून घ्यायचा इरादा दिसतो का. दिसतो का म्हणजे तुमच्या मनात काय होतं ते नाही, तुमचे मेल वाचून तिऱ्हाईत शहाण्या माणसाला काय वाटेल ते. तोंडी सौदाही चालतो. जमिनीची विक्री, दुसऱ्यासाठी जामीन राहणं असल्या थोड्याच गोष्टींना लेखी लागतं, आणि तिथंही लेखी म्हणजे काय तर २०१२ मध्ये गोव्याच्या एका खाण कंपनीची जामीनकी नुसत्या मेलांच्या साखळीवरून पक्की धरली, शेवटी दलालानं आपलं पहिलं नाव टाइप केलं होतं तीच सही.

आता तुमचं. तुम्ही एकाच माणसाला माल, वजन, भाव सगळं लिहून पाठवलं, म्हणजे ती ऑफरच धरतील असं मला वाटतं. नुसतं रेटकार्ड दहा जणांना फिरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती, दुकानात किंमत लावून माल मांडणं ही ऑफर नाही हे तिथं १९५३ च्या बूट्स औषध दुकानाच्या केसपासून पक्कं आहे.

पण त्यानं "१,५०० नं द्या" म्हटलं तिथंच त्यानं स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारली. १८४० ची हाईड विरुद्ध रेंच नावाची केस आहे, शेताचा सौदा, मालकानं १,००० पाउंड सांगितले, घेणारा ९५० म्हणाला, मालकानं नकार दिला, मग घेणारा म्हणतो बरं हे घ्या १,०००. कोर्ट म्हणालं, तू ९५० म्हणालास तेव्हाच पहिली ऑफर मेली, आता तुझ्या मर्जीनं ती जिवंत होत नाही. म्हणजे त्याचं "१,६०० मान्य" ही त्याच्याकडून आलेली नवी ऑफर झाली आणि ती घ्यायची का नाही हे तुमच्या हातात. तुम्ही गप्प राहिलात ते बरं केलं. १८६२ मध्ये एका काकानं पुतण्याला लिहिलं होतं की उत्तर आलं नाही तर घोडा माझा समजेन, कोर्टानं ते मानलं नाही.

फक्त त्याचे शब्द तुम्ही लिहिलेत तसेच आहेत ना ते मेल उघडून बघा. नुसतं "१,५०० ला जमेल का?" असं विचारलं असेल तर पंचाईत आहे, कारण १८८० च्या लोखंडाच्या एका सौद्यात घेणाऱ्यानं तार करून विचारलं होतं की माल दोन महिन्यांत थोडाथोडा दिला तर चालेल का, आणि कोर्टानं ती नुसती चौकशी धरली, ऑफर जिवंतच राहिली. आणि दुसरं, १,६०० वाल्या मेलनंतर तुमच्या पोरांनी कुणी "कंटेनर बुक करतो" असं व्हॉट्सॲपवर टाकलंय का? टाकलं असेल तर मी आत्ता सांगितलेलं सगळं उलटं फिरू शकतं. वागण्यातूनही होकार होतो, आणि २०२५ मध्येच तिथल्या हायकोर्टानं इमारत पाडायच्या एका कामाचा करार व्हॉट्सॲपच्या मेसेजवरून झाला असं ठरवलं, रक्कम होती २,४८,००० पाउंड.

पुढच्या वेळी बोलणी चालू असताना मेलवर "सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट" लिहीत जा, म्हणजे सही होईपर्यंत कुणी बांधलेलं नाही. तेवढं लिहून मात्र माल पाठवायला सुरुवात करू नका. दह्याच्या पॅकिंग मशिनरीच्या एका केसमध्ये असलीच अट होती, सही झालीच नाही, पण काम आणि पेमेंट सुरू झालं आणि २०१० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं करार झाला म्हणून सांगितलं.

प्रश्न : होकाराचा मेल आम्ही पाठवला तेव्हा लागू, का त्याला मिळाला तेव्हा?
– तेच संचालक

उत्तर : पोस्टाच्या पत्राला तिथं १८१८ पासून पेटीत टाकल्याक्षणी, हरवलं तरी. फोन आणि टेलेक्सला (टाइप केलेला मजकूर लगेच पोचवणारं जुनं यंत्र) पोचल्यावर, हे १९५५ च्या एका केसपासून. मेलही सहसा त्याच रांगेत बसतो. आपल्या सुप्रीम कोर्टानंही टेलिफोनला हाच नियम लावला, ती केस तर आपल्या शेजारची, खामगावच्या व्यापाऱ्यानं सरकी पेंडीचा सौदा फोनवर मान्य केला, अहमदाबादला ऐकू आला, म्हणून करार अहमदाबादचा.

प्रश्न : लेक लेस्टरला असते. तिनं पदरचे पैसे घालून सासऱ्यांच्या घराची दुरुस्ती केली. काम झाल्यावर दिरांनी कागदावर सही करून दिली की घर विकल्यावर पैसे देऊ. आता नाही म्हणतात. सही आहे तरी?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : काका, सही आहे तरी अवघड आहे. १९५१ ची मॅकआर्डल नावाची केस जणू तुमच्या लेकीचीच, सुनेनं घराचं काम केलं, मग भावंडांनी ४८८ पाउंड द्यायचं लिहून दिलं, आणि कोर्टानं दिले नाहीत. कारण काम आधी झालेलं होतं, वचन नंतर आलं, आणि आधीचं काम हा तिथं नव्या वचनाचा मोबदला होत नाही. आपल्या कायद्यात आधी केलेल्या कामाला जास्त जागा आहे, म्हणून आपल्याला हा अन्याय वाटतो, मलाही वाटतो. दोन गोष्टी मात्र लेकीला बघायला सांगा. काम काढायच्या आधी दिरांनीच "तू कर, आम्ही पैसे देतो" असं म्हटलेलं किंवा लिहिलेलं कुठं आहे का. आणि तो कागद डीड म्हणून केलाय का, म्हणजे तसं त्यात लिहिलंय आणि साक्षीदारासमोर सह्या आहेत का, कारण डीडला मोबदला लागतच नाही. कागदाचा फोटो तिथल्या सॉलिसिटरला दाखवा, इथल्या वकिलाला नको.