वाचकांचे प्रश्न : पाणचक्कीचं पाणी वर कसं चढतं?

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत उंच भिंतीवरून हौदात पाणी पडतं. ही व्यवस्था केली तेव्हा पंप नव्हते, मग पाणी एवढं वर कसं यायचं? आणि हीच मलिक अंबरची नहर ना?
(वाचक, नाशिक)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं. नाही, या दोन वेगळ्या नहरी. नहर-ए-अंबरी मलिक अंबरच्या काळातली, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. पाणचक्कीची नहर त्यानंतरची. चक्की बांधली निजाम-उल-मुल्क असफजाहच्या पदरी असलेल्या तुर्कताज खानाने, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात. दर्ग्यात येणाऱ्यांसाठी इथे धान्य दळलं जाई.

आता पाणी. गवंडी पातळी काढताना नळीत पाणी भरतो. नळी मधे कितीही खाली लोंबू द्या, दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. इथेही तेच. पाण्याचा उगम शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या बाजूला, उंचावर आहे. तिथून पाणी जमिनीखालच्या बंद खापरी नळांतून येतं. उगमाची पातळी भिंतीच्या माथ्याहून वर असल्याने पाणी माथ्यापर्यंत चढतं. प्रवाहात घर्षणामुळे थोडी उंची वाया जाते, म्हणून उगम भिंतीच्या बराच वर हवा.

हे साधण्यात खरा वाटा बंब्यांचा. बंबा म्हणजे नहरीच्या वाटेवरचा दगड-चुन्याचा मनोरा. नळात जिथे चढ येतो तिथे हवा अडकते. ती साचली की पाण्याला वाट अरुंद होते, आणि हळूहळू धार बंद पडते. बंब्यात पाणी वर चढून मोकळ्या हवेला भेटतं. अडकलेली हवा तिथे निसटते, गाळही थोडा बसतो, आणि पाणी दुसऱ्या नळाने पुढे उतरतं. शिवाय नळावरचा दाब तिथे सुटतो. नाहीतर खापराचा सांधा फुटायला वेळ लागत नाही. अशा रांगेत पुढच्या बंब्याचा माथा मागच्यापेक्षा खाली असावाच लागतो. जुन्या नहरीच्या वाटेवर असा एकटा मनोरा दिसला, तर त्याला पडीक बुरूज समजू नका.

पाणी कमी येण्याची कारणं ठरलेली : पायाखोदाईत फुटलेला नळ, सांध्यात शिरलेली झाडाची मुळं, आत साचलेला क्षारांचा थर. गळती लहान असली तरी उंची जाते. भिंतीच्या पायथ्यापर्यंत पाणी येतं, पण माथ्यावर चढत नाही. डागडुजीत सिमेंट वापरणं ही मोठी चूक. ते जुन्या चुन्याशी एकजीव होत नाही, ओल कोंडून धरतं आणि शेजारचा चुना भुसभुशीत होतो.

प्रश्न : हौदाखालचा दालनवजा भाग उन्हाळ्यात थंड का असतो?
(वाचक, जालना)

उत्तर : त्या दालनाचं छत म्हणजेच हौदाचा तळ. डोक्यावर पाणी असल्याने छत उन्हात तापत नाही. हौद सुमारे १६४ फूट लांब, ३१ फूट रुंद आहे. असा हौद फार काळ रिकामा ठेवू नये. चुन्याचा गिलावा वाळून तडकतो, आणि मग पुन्हा भरल्यावर खाली ठिबकतं.

प्रश्न : अर्ध्या दिवसात नहरीच्या काळातल्या कोणत्या वास्तू पाहता येतील?
(वाचक, पुणे)

उत्तर : भडकल दरवाज्यापासून सुरू करा. तो मलिक अंबरने १६१२ च्या सुमारास मुघलांवरच्या विजयानंतर उभारला. तिथून पाणचक्की. तिथे जाताच हौदाकडे न वळता आधी चक्कीकडे जा, म्हणजे धार पडते कुठे आणि फिरतं काय हे नजरेला जुळतं. जवळच महमूद दरवाजा, त्याला लागून खाम नदीवरचा पूल. शेवटी बीबी का मकबरा. तो पाणचक्कीपेक्षा जुना, सतराव्या शतकातला. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत जा, तेव्हा पाणी भरपूर असण्याची शक्यता जास्त. पाणचक्की हा दर्ग्याचा परिसर आहे, तेव्हा आत आवाज कमी आणि कपडे साधे ठेवा.