पडवीतून अंगणात उतरायला 3 फूट उंचीला किती पायऱ्या लागतील आणि कशाच्या कराव्यात?

3 फूट म्हणजे 36 इंच, प्रत्येक पायरी 6 इंच उंच धरली तर 6 चढ येतात. सर्वात वरचा चढ थेट पडवीवरच जातो त्यामुळे पाय ठेवायला पायऱ्या 5च, प्रत्येकी 12 इंच रुंद, म्हणजे अंगणात 5 फूट जागा मोकळी हवी. घरात म्हातारी माणसं असतील तर यापेक्षा उंच पायरी अजिबात करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळे चढ एकसारखे हवेत, एक जरी इंचभर कमीजास्त झाला तरी माणूस तिथेच अडखळतो, आणि हे बहुतेक वेळा होतं ते माप कच्च्या लेव्हलवरून घेतल्यामुळे, नंतर पडवीत लादी बसते, अंगणात पेव्हर येतात आणि पहिली-शेवटची पायरी बिघडते. म्हणून फिनिश लेव्हल आधी ठरवा, मग गवंड्याला माप द्या.

कोकणात असाल तर जांभा चिरा मस्तच, पण पावसात त्यावर शेवाळ धरतं, तेव्हा वरून खडबडीत दगड लावा. गुळगुळीत टाइल्स किंवा पॉलिश ग्रॅनाइट कितीही छान दिसलं तरी बाहेर नकोच प्लीज. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला पाव इंच उतार द्या, पाणी साचत नाही. खाली भराव असेल तर नीट धुम्मस करून, म्हणजे माती ठोकून घट्ट दाबून, काँक्रीट टाका, नाहीतर एका पावसाळ्यात पायऱ्या पडवीपासून सुटतात. आणि एका बाजूला तरी पाइपचा कठडा लावाच.